गोल घरातली पश्चिम

मिलिंद जन्माला आला तोच काळजी सोबत घेऊन. त्याची बायको वैशाली तर सगळ्यांना सांगायची, "आमच्या लग्नात त्रिसरण-पंचशील चाललेलं आणि हे आपले मांडवाच्या खांबाकडे बघतायत. खांब ओळंब्यात नव्हता म्हणे!" लोक हसायचे. मिलिंदही हसायचा, पण हसताना त्याची नजर समोरच्या भिंतीला कुठे तडा आहे का ते बघून यायची. काही माणसं असतातच अशी. नळ बंद करून घरी येतील, जेवायला बसतील आणि पहिल्या घासाला त्यांना वाटेल, नळ बंद केला होता ना?

भिवंडीत त्याचं काम बाथरूम, मोरी, स्वयंपाकघर बांधून द्यायचं. वडिलांचंही तेच. वडील दामू आधी रहमानचाचांच्या लूमच्या कारखान्यात होते, मग पाइपाचं काम शिकले आणि पोरालाही त्यातच घातलं. दामूंनी मिलिंदला एक गोष्ट अशी शिकवली होती, की ती झोपेतही विसरू नये. मुसलमानाच्या घरात कामाला गेलास, तर पाइपाला हात लावायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्याला विचारायचं, "पश्चिम कुठली?" ते हात करतील तिकडे कोळशाने जमिनीवर बाण ओढायचा. ही माणसं नमाज तिकडे, मक्केच्या बाजूला, म्हणजे किबल्याकडे तोंड करून पढतात, म्हणून संडासाला बसताना तिकडे तोंड नको आणि पाठही नको. पश्चिम कुठली हे काय तुला ठाऊक नाही? असतंच. सूर्य काय रोज वेगळीकडे बुडतो? पण विचारायचं. विचारलं, की त्या म्हाताऱ्याला कळतं, हा आपल्या घरात आपल्या पद्धतीने काम करणार.

मिलिंदचं स्वतःचं पहिलं काम म्हणजे चाचांच्याच कारखान्यातले कामगारांचे संडास. त्याने विचारलं, रहमानचाचांनी छत्रीने दिशा दाखवली, त्याने बाण ओढला. चाचा त्या बाणाकडे बघतच राहिले. मग आपल्या निजामपुरा मोहल्ल्यात जो भेटेल त्याला सांगत सुटले, "दामूचा पोरगा विचारून काम करतो." बस, एवढंच. पण या एका वाक्यावर मिलिंदचा धंदा उभा राहिला. गल्लीगल्लीतून बोलावणी आली. लोक त्याच्याकडे घराची चावी टाकून गावाला जायचे.

आणि मग चाचांच्या मुलाने, फहादने ते घर बांधायला काढलं.

घर म्हणजे काय सांगायचं! दापोड्याच्या बाजूला, गोदामं संपतात तिथल्या मोकळ्या जागेत, कुणीतरी पांढरीशुभ्र वाटी पालथी घालून ठेवावी तसं. आत कोपरा म्हणून नाही. भिंती वळत जातात आणि वळता वळता पुन्हा तुमच्यापाशी येतात. दाराला मूठ नाही, भिंतीला बटण नाही. हात पुढे केला की दार सरकतं आणि मिटलं की भिंतीत असं विरून जातं, की तिथे दार होतं हे आईशप्पथ सांगितलं तरी कुणी मानणार नाही. तुम्ही चालाल तसा दिवा पुढे पुढे लागत जातो. खिडक्या नाहीतच, नुसती काच, वरपासून खालपर्यंत. तीही शहाणी. ऊन आलं की आपोआप काळसर होते, म्हणजे आतल्या माणसाला सूर्य दिसण्याची सोयच नाही. आणि बाथरूम तर कारखान्यातून अख्खी तयार होऊन आली, ट्रेलरवर बसून, नव्या नवरीसारखी. क्रेनने उचलून पहिल्या मजल्यावर ठेवायची, पाइप जोडायचे आणि तिच्याभोवती वळती भिंत मिटवून टाकायची.

ती ठेवायची जबाबदारी मिलिंदवर होती.

त्या दिवशी त्याच्या खिशात कोळसा होता, हे खरं. आधी एकदा चाचांना विचारून त्याने त्या मजल्यावर बाण ओढलाही होता, पण मधल्या काळात त्यावर आरशासारखं गुळगुळीत फ्लोरिंग ओतलं गेलं आणि बाण खाली गाडला गेला. मुंबईहून आर्किटेक्ट आलेला. त्याची माणसं लाल किरण सोडणारी यंत्रं लावून मापं घेत होती, इंग्रजीत बोलत होती. चाचा खाली गाडीत बसले होते, काच उतरवून वर बघत. मिलिंदला फक्त खाली उतरायचं होतं आणि विचारायचं होतं. पण त्याला लाज वाटली. एवढं पुढचं घर, एवढी यंत्रं, आणि त्यात आपण कोळसा काढून म्हाताऱ्याला विचारायचं, पश्चिम कुठली? ही माणसं काय म्हणतील? गावठी म्हणतील. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, फाटक त्या बाजूला म्हणजे रस्ता त्या बाजूला, म्हणजे पश्चिम ही. आणि क्रेनवाल्याला हात केला. फहादने टाळ्या वाजवल्या.

जन्मभर नळ दोनदा बघणारा माणूस, नेमकी हीच गोष्ट एकदाही न बघता घरी गेला. आता याला काय म्हणायचं!

गृहप्रवेशाच्या दिवशी घरात कुराणखानी, म्हणजे कुराणाचं पठण होतं. निजामपुऱ्यातून नातेवाईक, जुने शेजारी, कारखान्यातली माणसं, सगळी दुपारपासून आलेली. मागच्या बाजूला बिर्याणीच्या देगा लागल्या होत्या. मिलिंद कुठे दार अडकतंय का, कुठे दिवा लागत नाही का, ते बघत सगळ्यांच्या मधून फिरत होता. घराचं सगळं चालवायचं अॅप त्याच्याही फोनमध्ये होतं. 

चाचांच्या बायकोने, नूरीचाचीने त्याला वर बोलावलं. चाचा-चाचींच्या खोलीत ती पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी.

"मिलिंदबेटा, किती अंधार हाय रे इथं! भर दुपारी दिवे लागतात. जरा ऊन तरी येऊ दे."

"आत्ता करतो चाची," मिलिंद म्हणाला आणि फोनवर बोट फिरवलं.

काच हळूहळू उजळली. आणि ऊन असं आत आलं की चाचीने डोळ्यांवर पदर धरला. मिलिंद मात्र बघतच राहिला. सूर्य समोर, गोदामांच्या पत्र्यांवर उतरायला लागलेला. आणि उजेडाचा पट्टा खोलीतून सरळ जाऊन बाथरूमच्या दारावर पडला होता. तो दोन पावलं पुढे गेला, दार सरकलं, आतल्या कमोडने मोठ्या अदबीने आपलं झाकण वर केलं. त्यावर बसणाऱ्या माणसाचं तोंड थेट सूर्याकडे.

 मिलिंद तसाच उलटा वळला, पुन्हा बघितलं. मान वाकडी करून बघितलं. मनात दहा वेळा फाटक फिरवलं, रस्ता फिरवला. काही उपयोग नाही. सूर्य काही कुणाची भीड धरत नाही. त्या गोल घराने त्याला गरगर फिरवून नेमका चुकीच्या ठिकाणी सोडला होता.

"काय रे, काय झालं?" चाचीने विचारलं.

"काही नाही. थोडं... थोडं काम राहिलंय आत."

आणि मग त्याने जे केलं ते सांगायलाही वाईट वाटतं. त्याने बाथरूमचं दार मिटवलं आणि फोनवरून त्याला कुलूप घातलं. दार भिंतीत विरून गेलं. मग त्याने काच पुन्हा काळी केली. चाची "अगं बाई" म्हणेपर्यंत सूर्य गेला होता.

त्यानंतरचा वेळ मिलिंदने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. जीव नुसता टांगणीला. जिन्यात उभं राहून त्याने वैशालीला फोन लावला.

"सांगून टाका," वैशाली म्हणाली.

"आज? सगळा निजामपुरा आलाय. सगळ्यांसमोर?"

"मग उद्या सांगा."

"उद्या सांगितलं तर म्हणतील, काल का नाही बोललास."

"अहो, मग आज सांगा ना!"

"तुला कळत नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला. तिला सगळं कळत होतं. त्यालाच कळून घ्यायचं नव्हतं. बाथरूम फिरवायची म्हणजे वळती भिंत फोडायची, फ्लोरिंग उखडायचं, पुन्हा क्रेन. तेही एक वेळ चालेल. पण दामूचा पोरगा विचारून काम करतो, त्याचं काय? ते वाक्य एकदा फुटलं की कुठल्या क्रेनने उचलायचं? उद्यापासून निजामपुऱ्यात लोक काय बोलतील ते त्याला आताच ऐकू यायला लागलं. त्याला वाटलं, नाहीच सांगितलं तर? काच तर काळीच असते. कोण बघतंय सूर्य? गोल घरात कुणाला काय कळणार?

असा विचार मिलिंदच्या डोक्यात आला, मिलिंदच्या! त्याची त्यालाच शिसारी आली. पण विचार काही गेला नाही.

तेवढ्यात चाचा दिसले. काठी टेकत, गुडघे ओढत लिफ्टमधून बाहेर येत होते. त्यांना वजू करायचा होता, नमाजाआधी हातपाय धुवायचे होते. ती बाथरूम पलंगाला लागून घेतली होती तीच मुळी त्यांच्या गुडघ्यांसाठी.

"मिल्या, माझ्या बाथरूमचं दार गावत न्हाय रं. हितंच व्हतं ना?" खोलीत शिरून चाचा भिंतीवर हात फिरवत होते.

"चाचा, जरा काम बाकी आहे. आज खालची वापरा."

"खालची?" चाचांनी खोलीबाहेरच्या जिन्याकडे बघितलं, मग लिफ्टकडे. "बरं."

ते परत वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. आवाज खाली आणून, कुणी ऐकत नाही ना असं बघून त्यांनी विचारलं, "मिल्या, खरं सांग. पश्चिम कुठली रं हितं?"

मिलिंदला वाटलं, कळलं यांना! सगळं कळलं! पण चाचांच्या डोळ्यांत राग नव्हता. भलतंच काहीतरी होतं, ते त्याला तेव्हा ओळखता आलं नाही.

"घर गोल आहे ना चाचा," तो कसंबसं हसला. "इथे कुणालाच पटकन कळत नाही."

"हां. गोल हाय," चाचा म्हणाले आणि लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले. दार मिटेपर्यंत ते त्या वळत्या भिंतीकडे बघत होते.

मिलिंद मागच्या बाजूला देगांपाशी जाऊन उभा राहिला. तिथे निदान खरा धूर होता, खरं लाकूड जळत होतं. फहाद पाहुण्यांची पानं वाढायला सांगून तिकडेच आला. चांगला पोरगा. बापावर जीव. आज खुशीत असायला हवा होता, पण चेहरा उतरलेला.

"मिलिंदभाई, एक बोलू? घरात कुणाला सांगू नका," फहाद म्हणाला. "अब्बांना डॉक्टरकडे न्यायचंय. डोक्याच्या."

"का? काय झालं?"

"त्यांना दिशा कळत नाही. विसरायला लागलेत. तुम्ही बाथरूम बसवली ना, त्या रात्रीपासून सुरू झालं. म्हणायला लागले, फहाद, ती बाथरूम उलटी बसली, तोंड किबल्याकडे आलं. मी म्हटलं, अब्बा, मिलिंदभाईने बसवलीय. तुम्हीच म्हणता ना, तो विचारून काम करतो? तो चुकेल का? परत दोनदा म्हणाले. मी परत तेच सांगितलं. मग गप्पच झाले." फहादने डोळे पुसले, धुराने असेल किंवा नसेल. "आता नमाजच्या वेळी माझ्याकडे बघतात, कुठे उभं राहू म्हणून. माझे अब्बा! ज्यांना अंधारात, पावसात, कुठल्याही गावात विचारलं तरी हात बरोबर जायचा."

 मिलिंदने देगेच्या बाजूच्या कट्ट्याला धरलं. आता त्याला चाचांच्या डोळ्यांतलं ते ओळखू आलं. ती भीती होती. म्हाताऱ्याला त्या दिवशी गाडीतून बरोबर दिसलं होतं. बरोबर दिसलं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला पटवलं, की तुझं डोकं चुकतंय. कशाच्या जोरावर? मिलिंदच्या नावाच्या. चाचांनीच ज्याला मोठं केलं त्या नावाच्या. आणि आत्ता, घटकाभरापूर्वी, त्यांनी शेवटचं म्हणून त्याला विचारलं, तर हा गोल घराच्या गप्पा मारून मोकळा झाला.

"तुम्ही तरी समजवा त्यांना," फहाद म्हणाला. "तुमचं ऐकतील."

"हो," मिलिंद म्हणाला. 

असरची, दुपार उतरतानाच्या नमाजाची वेळ झाली. त्या घरात बाहेरची अजान काही ऐकू येत नव्हती, इतकं ते बंद. घराच्याच कुठल्या तरी भिंतीतून एक गोड आवाज आला आणि वेळ झाल्याचं सांगून गेला. खालच्या मोठ्या दालनात पुरुषमंडळी जमली. जाजमं आणली. कुणीतरी सहज, जुन्या सवयीने हाक मारली, "रहमानभाई, किबला किधर?"

सगळे चाचांकडे बघायला लागले. चाचा मध्यभागी उभे होते. त्यांचा काठीचा हात जरासा वर उठला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. चारी बाजूंनी सारखी काळी काच, सारखी पांढरी भिंत. त्यांनी फहादकडे बघितलं. शाळेत उत्तर न आलेलं लेकरू बघतं ना, तसं.

"थांबा, मी फोनवर बघतो," फहाद घाईने म्हणाला.

"फोन नको!"

एवढा मोठा आवाज आपलाच आहे हे दाराशी उभ्या मिलिंदला आधी कळलंच नाही. माणसं वळली. आता तोंड उघडलंच होतं. त्याने फोन काढला, बोट दोनदा चुकीच्या जागी लागलं. तिसऱ्यांदा लागलं. अख्ख्या घराची काच एकदम उजळायला लागली.

ऊन आलं. जाजमांवर, माणसांच्या तोंडांवर, पांढऱ्या फरशीवर. गोदामांच्या पत्र्यांवर सूर्य असा समोर, की बघणाऱ्यांनी डोळे मिटले.

मिलिंद चाचांसमोर जाऊन उभा राहिला. "चाचा," तो म्हणाला, "पश्चिम कुठली?"

चाचांनी त्याच्याकडे बघितलं. मग सूर्याकडे. मग काठी उचलली आणि कुणाकडेही न बघता, न डगमगता, सूर्याच्या जरा उजवीकडे, जिकडे तोंड करून नमाज पढण्यात जन्म गेला तिकडे रोखली.

"ती."

"बरोबर," मिलिंद म्हणाला. "आणि वरच्या बाथरूमचं तोंड तिकडेच आहे. मी उलटी बसवली. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नाही. मला लाज वाटली विचारायची. आणि मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा माहीत असून मी खोटं बोललो." तो फहादकडे वळला. "फहादभाई, अब्बांना कुठेही नेऊ नका. त्यांना काही झालेलं नाही. मला झालं होतं."

 फहाद बापाकडे बघत उभा, तोंडात मारल्यासारखा. निजामपुऱ्याच्या माणसांच्या डोळ्यांत काय चाललंय हे मिलिंदला दिसत होतं. चालू दे, त्याला वाटलं. व्हायचं ते होऊ दे.

चाचा हळूच खाली टेकले, तिथेच जाजमावर. काठी बाजूला पडली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लोकांना वाटलं, रागाने असेल. मिलिंद वाकला, माफी मागायला. तर म्हातारा हातांच्या आडून म्हणत होता, "म्हणजे मी खुळा न्हाय. या अल्ला, मी खुळा न्हाय." आणि त्यांचे खांदे हलत होते.

फहाद बापाच्या शेजारी जाऊन बसला. त्याने त्यांचा हात हातात घेतला.

मग चाचांनी डोळे पुसले आणि मिलिंदला काठीने एक हलकासा रट्टा दिला, पिंढरीवर. "त्या दिशी गाडीतनं मीच उतरून सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "पण वर समदे इंग्लिश बोलत व्हते. मला वाटलं, म्हातारा मधे कशाला तडमडतो म्हणतील. तुला लाज वाटली, मलाबी वाटली. आता काय करतोस?"

"भिंत फोडतो चाचा. क्रेन आणतो. फिरवतो."

"ते नंतर. आधी जे करायचं ते कर."

मिलिंदला कळलं. तो मागच्या दाराने धावत गेला आणि देगेखालचा एक विझलेला कोळसा घेऊन आला. गुडघ्यांवर बसला. फहादच्या तोंडून नकळत निघून गेलं, "मिलिंदभाई, फ्लोरिंग..." पण तेवढंच. त्या पांढऱ्याशुभ्र, डाग न पडणाऱ्या, आरशासारख्या फरशीवर मिलिंदने काठीच्या दिशेने बाण ओढायला घेतला. कोळसा घसरत होता, रेघ वाकडी आली, जागोजागी तुटली.

चाचा वाकून बघत होते.

"जरा जाड ओढ," ते म्हणाले. "मला चष्म्याबिगर दिसाया पायजे."